विश्लेषण : हॉटेलची जुनी शेगडी घरात आणावी का?

‘हॉटेल बंद करणे आहे, सर्व सामान विकणे आहे’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली की तिच्याखालच्या छायाचित्रांत एक वस्तू हमखास असते. तेलाने काळवंडलेली, जाड बिडाच्या बर्नरची, दोघांनाही न उचलणारी गॅसची शेगडी. तिची किंमत नव्या शेगडीच्या मानाने फारच कमी असते आणि विकणारा सांगतो, ‘अजून वीस वर्षे हलणार नाही.’ त्यात तो बहुधा खोटे बोलत नसतो.

अशा शेगडीला तीन प्रकारचे गिऱ्हाईक असते. एक, नवे छोटे हॉटेल किंवा नाश्त्याची गाडी टाकणारा. दोन, घरातून डबे किंवा छोट्या समारंभाच्या ऑर्डरी करणारे, ज्यांना घरची शेगडी पुरेनाशी झालेली असते. आणि तीन, स्वयंपाकाची हौस असलेला. त्याने परदेशी कार्यक्रमांत सहा बर्नरची भलीमोठी ‘रेंज’ पाहिलेली असते. पहिल्याने ती जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने घेऊ नये. शेगडी तीच, मग सल्ला वेगळा का, हे समजून घ्यायचे तर आधी ती कशी चालते ते पाहावे लागेल.

‘रेंज’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ओट्यावर ठेवायची ती शेगडी आणि हॉटेलात जमिनीवर उभी असते ती भट्टी, अशी ढोबळ विभागणी आहे. ‘थ्री बर्नर रेंज’, ‘चायनीज रेंज’ ही नावे हॉटेलच्या सामानाच्या दुकानांत रुळलेली आहेत. मात्र मूळ अमेरिकी आणि युरोपीय अर्थाने रेंज म्हणजे वर चार, सहा किंवा आठ बर्नर, काही वेळा शेजारी सपाट तवा आणि खाली ओव्हन, असे एकाच चौकटीत बसवलेले यंत्र. गार्लंड, व्हल्कन, वुल्फ ही त्या व्यवसायातील जुनी नावे.

दोहोंतला महत्त्वाचा फरक दिसण्यात नाही, गॅसच्या दाबात आहे. अमेरिकी रेंज कमी दाबावर चालते. तिची ताकद मोठ्या बर्नरमधून आणि मोठ्या जेटमधून येते. आपल्या हॉटेलांतील अनेक भट्ट्या मात्र जास्त दाबावर चालतात. चायनीजच्या गाडीवर कढईखाली जो घोंघावणारा आवाज येतो, तो या दाबाचा. पुढचा बराचसा धोका याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

ही हौस आली कुठून?

अमेरिकेत फ्रेंच स्वयंपाक घराघरांत पोहोचवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांनी १९५६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक वापरलेली गार्लंड रेंज विकत घेतली. सहा बर्नरची, हॉटेलसाठी बनवलेली. पुढे त्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला राहायला गेल्या तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली आणि २००१ पर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात राहिली. त्या वर्षी कॅलिफोर्नियाला जाताना त्यांनी अख्खे स्वयंपाकघर स्मिथसोनियन संस्थेला दिले. आज ती शेगडी संग्रहालयात आहे. त्यांचे कार्यक्रम आणि त्या शेगडीची छायाचित्रे पाहून ‘खरा स्वयंपाक करणाऱ्याकडे हॉटेलची शेगडी हवी’ ही समजूत पक्की व्हायला मोठी मदत झाली.

त्यानंतर बऱ्याच अमेरिकी घरांत बंद पडलेल्या उपाहारगृहांच्या रेंजा आल्या आणि अडचणीही सुरू झाल्या. हॉटेलच्या रेंजच्या बाजू आणि पाठ प्रचंड तापतात, कारण तिच्याभोवती पोलाद, फरशी आणि विटा असतील असे गृहीत धरून ती बनवलेली असते. जळू शकणाऱ्या भिंतीपासून तिला सहा इंच मोकळी जागा लागते. घरगुती शेगडी मात्र लाकडी कपाटांना चिकटून बसवता यावी अशा चाचण्यांतून गेलेली असते. म्हणूनच अमेरिकेत दोन्हींची मानके वेगळी आहेत आणि तिथल्या इंधनवायूविषयक नमुना संहितेत व्यावसायिक शेगडी राहत्या घरात बसवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे.

याच अडचणीतून एक नवा धंदा उभा राहिला. मिसिसिपी राज्यातील ग्रीनवुडचे घरबांधणी व्यावसायिक फ्रेड कार्ल यांच्या पत्नीला आपल्या आईकडे होती तशी दणकट जुनी शेगडी हवी होती. घरात चालेल अशी तशी शेगडी बाजारात मिळेना. तेव्हा कार्ल यांनी स्वतःच एक आराखडा केला, ‘व्हायकिंग’ ही कंपनी काढली आणि १९८७ मध्ये पहिल्या रेंजा विकल्या. बाहेरून हॉटेलची वाटणारी, पण आतून घरासाठी उष्णतारोधन केलेली. २००० साली सब-झीरो या कंपनीने वुल्फचा घरगुती शेगड्यांचा विभाग घेतला तोही याच बाजारासाठी. म्हणजे ज्या देशातून ही हौस आली त्या देशाने हॉटेलची शेगडी घरात न आणण्याचा मार्ग कधीच शोधून ठेवला आहे. आपल्यापर्यंत फक्त चित्र पोहोचले.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांपैकी कुणी जुने घर घेताना अशी रेंज ‘घराबरोबर मिळाली’ म्हणून खूश होत असतील, तर त्यांनी घराच्या विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे. शिवाय १९७० च्या दशकाआधीच्या ओव्हनच्या आवरणात आणि दाराच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते स्वतः खरवडू नये.

आकडे काय सांगतात?

एक किलो एलपीजी जाळला की साधारण १२.८ किलोवॉट-तास, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे तेरा युनिट उष्णता मिळते. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम गॅस खातो. हॉटेलच्या रेंजचा एक बर्नर ताशी ३०,००० बीटीयूचा असेल, तर तो ताशी सुमारे ७०० ग्रॅम खाईल. म्हणजे घरातल्या चार बर्नरच्या शेगडीचे चारही बर्नर एकदम मोठे केले, तर हॉटेलचा एक बर्नर होतो.

असे सहा बर्नर एकत्र पेटवले तर ताशी चार किलोच्या वर गॅस लागेल. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर साडेतीन तासांत संपेल. मुळात तो तेवढा वेळ नीट चालणारच नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो भोवतालच्या हवेतून सिलिंडरच्या पत्र्यामार्फत घेतो. वाफ भरभर ओढली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरते, कधी बर्फ साचतो, आणि आच मंदावते. हॉटेलात म्हणूनच अनेक सिलिंडर एका नळीला जोडलेले असतात. एकट्या सिलिंडरवर मोठी भट्टी लावणारे मग सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात किंवा आडवा करतात. आडवा केला की वाफेऐवजी द्रवरूप गॅसच नळीत शिरतो आणि बर्नरवर आगीचा लोळ उठतो. इतका घातक उपाय इतक्या सहजपणे केला जातो, याचे आश्चर्य वाटते.

आता हवेचा हिशेब. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. त्यातून तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. फ्लॅटमधले आठ बाय दहा फुटांचे, नऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर म्हणजे जेमतेम २० घनमीटर हवा. ताशी दीड किलो गॅस जाळणारी भट्टी तिथे लावली तर तासाभरात त्या खोलीतल्या जवळजवळ सगळ्या हवेएवढी हवा तिला लागेल. खिडकी उघडी असेल तर बाहेरून नवी हवा येते. पण पाऊस आहे, डास येतात, आच फडफडते म्हणून खिडकी लावून घेतली, की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे, आणि दिवसभर स्वयंपाक केलेल्या माणसाला ती थकव्याचीच वाटतात.

मग हॉटेलात ती चालते कशी?

कारण तिथे शेगडी एकटी नसते. वर हूड असतो, त्यातून हवा जोराने खेचून बाहेर टाकणारा पंखा असतो, समोर दार सतत उघडे असते, गॅसची लाइन धातूची असते, सिलिंडर बाहेर किंवा वेगळ्या जागेत असतात आणि सकाळी लाइन उघडणे व रात्री मुख्य कॉक बंद करणे हे कुणाचे तरी ठरलेले काम असते. निदान असायला हवे. यातले काही नसले तर हॉटेलातही शेगडी तितकीच धोक्याची. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ल्यातील ‘सिटी किनारा’ उपाहारगृहात गॅसगळतीनंतर लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. दुपारी जेवायला गेलेले बहुतेक जण महाविद्यालयीन विद्यार्थी होते. अशा घटनांनंतर चर्चा सिलिंडरची होते. लाइन, कॉक, हवा येण्या-जाण्याची वाट आणि बाहेर पडायचा रस्ता यांची फारशी होत नाही.

हे सगळे जागेवर असेल, तर हॉटेलसाठी जुनी शेगडी हा चांगला सौदा आहे. जाड बिडाचा बर्नर झिजायला वर्षे लागतात. पितळी कॉक उघडून, साफ करून, उष्णतेत टिकणारे ग्रीस लावून पुन्हा बसवता येतो. चौकट जाड अँगलची असते. तुटली तर वेल्डिंग होते. आजकालच्या काही स्वस्त नव्या शेगड्यांत चकचकीत पत्रा वर आणि आत हलका बर्नर असा प्रकार असतो. दोन वर्षांत बर्नरची भोके पसरतात, मग आच पिवळी पडते आणि टोपाचे बूड काळे होऊ लागते. भांडवल कमी असलेल्या माणसाने अशी नवी घेण्यापेक्षा चांगल्या घडणीची जुनी घेतलेली बरी. वापरात आलेले लोखंड भंगारात न जाता पुन्हा कामाला लागते हा आणखी एक फायदा.

उधळपट्टी मात्र तिच्यात आहे. घरगुती एलपीजी शेगडीसाठी भारतीय मानकात (आयएस ४२४६) किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमतेची अट आहे, म्हणजे गॅसमधल्या उष्णतेपैकी एवढा भाग भांड्यात पोहोचलाच पाहिजे. जुन्या, झिजलेल्या भट्टीकडून अशी अपेक्षाच करता येत नाही. दिवसाला बारा-चौदा तास चालणाऱ्या हॉटेलात वाया जाणारा गॅस शेगडीच्या किमतीतली बचत काही महिन्यांत खाऊन टाकू शकतो. तेव्हा ‘स्वस्त मिळाली’ हे गॅसच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बिलांनंतरच म्हणावे.

जुनी घेताना काय पाहायचे?

पहिला प्रश्न विचारायचा तो वयाचा नाही. ती कोणत्या गॅसवर चालत होती, हा आहे. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच हॉटेलांकडे आता पाइपचा गॅस म्हणजे पीएनजी आहे. तो मिथेन असतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. तेवढ्याच आकारमानात त्यातून पीएनजीच्या अडीच-तीन पट उष्णता निघते. त्यामुळे पीएनजीच्या जेटचे भोक मोठे असते. पीएनजीवर चाललेली शेगडी जेट न बदलता एलपीजीला जोडली तर गरजेपेक्षा खूप जास्त गॅस येतो, हवा कमी पडते, लांब पिवळ्या ज्वाळा येतात आणि पुन्हा तोच कार्बन मोनॉक्साइड. उलटे केले तर आच मिणमिणते आणि वाऱ्याने विझते. जेट बदलणे हे तासाभराचे काम आहे, पण ते आधी ठरवून करायचे काम आहे. कित्येक मिस्त्री जुन्याच जेटात तार किंवा ड्रिल घालून भोक ‘जमवतात’. तसे करू देऊ नये. जेट ही स्वस्त वस्तू आहे, नवीनच घ्यावी.

दोन्ही गॅसांतला आणखी एक फरक गळतीच्या वेळी कळतो. पीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर जातो. एलपीजी जड, तो फरशीवर पसरतो, पायरी उतरून खालच्या खोलीत जातो, गटारात साचतो. गळती ओळखणारे उपकरण म्हणूनच पीएनजीसाठी छताजवळ आणि एलपीजीसाठी जमिनीजवळ लावतात. तळघरातल्या किंवा रस्त्याच्या पातळीखालच्या स्वयंपाकघरात एलपीजीची भट्टी नकोच.

कॉक बंद-उघड करून पाहावे. अडकत असेल तर ग्रीसने सुटतो, सैल फिरत असेल तर बदलावा. सगळे कॉक बंद ठेवून लाइनमध्ये गॅस सोडावा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे. फुगा आला की गळती. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजून आहेत, म्हणून हे लिहावे लागते. बर्नर पेटल्यावर आच निळी आणि बसकी हवी. पायलट म्हणजे सतत पेटती राहणारी छोटी ज्योत असेल, तर ती विझल्यावर गॅस आपोआप तुटतो का हे जरूर पाहावे. बहुतेक जुन्या भट्ट्यांत तुटत नाही. भाताची पेज उतू जाऊन आच विझली आणि भटारी मागे वळून कांदा चिरत राहिला, तर गॅस तसाच येत राहतो. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती शेगड्यांतही ही सोय नसते हे खरे. फरक एवढाच की तिथून येणारा गॅस ताशी दीडशे ग्रॅम असतो.

नळी, रेग्युलेटर, जोड हे मात्र जुने घेऊच नये, कितीही चांगले दिसले तरी. रबरावर आतून काय झाले आहे ते बाहेरून कळत नाही.

घरात अडचण कुठे येते?

सगळ्यात आधी दाबापाशी. घरगुती सिलिंडरवरचा रेग्युलेटर साधारण ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब पुढे सोडतो. आपली घरे, आपल्या नळ्या, आपल्या सवयी सगळ्या या दाबाला धरून आहेत. हाय प्रेशर भट्टीला अर्धा किलो ते दीड किलो दाब लागतो, म्हणजे पंधरा-वीस पटींपासून पुढे. घरी आणलेली भट्टी म्हणूनच घरच्या रेग्युलेटरवर पेटत नाही, नुसती भुरभुरते. मग माणूस दुकानात जातो आणि दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर आणून घरगुती सिलिंडरवर चढवतो. तो सहज मिळतो, ऑनलाइनही. नळी मात्र तीच नारिंगी, घरच्या दाबासाठी बनवलेली, क्लिप आवळून बसवलेली. अपघात होण्यासाठी याहून वेगळे काही करावे लागत नाही. घरगुती सिलिंडर आणि हाय प्रेशर रेग्युलेटर ही जोडी दुकानात एकत्र विकली जाणे बंद व्हायला हवे. हे काम ग्राहकाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही.

दुसरी अडचण स्वयंपाकघराच्या बांधणीची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरात कडप्प्याचा ओटा, खाली विटांचे खण आणि भिंतीला टाइल असे. त्यात जळण्यासारखे फार नव्हते. आज मॉड्युलर किचनच्या नावाखाली प्लायवूड, लॅमिनेट आणि प्लास्टिकच्या पट्ट्या शेगडीच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना आहेत. वर चिमणी आहे, तिच्या जाळीत तेल साचलेले आहे. सिलिंडर त्याच कपाटात आहे. हॉटेलच्या रेंजला जी सहा इंच मोकळी जागा लागते ती आपल्या ओट्यावर काढायची कुठून? घरातली चिमणी या कामाची नसतेच. ती फोडणीचा धूर खेचते, भट्टीची उष्णता नाही.

तिसरी अडचण साधी आहे, पण तीच रोज भेटते. घरचा स्वयंपाक मंद आचेचा आहे. वरण घोटून उकळी आणणे, दूध तापवणे, साबुदाण्याच्या खिचडीवर झाकण ठेवून वाफ काढणे, पुरण आटवणे. हॉटेलचा बर्नर कितीही बारीक केला तरी घरच्या मोठ्या आचेएवढा राहतो. आठ इंची पातेल्याच्या बुडाबाहेर ज्वाळा येतात, कान तापतात, मुठी वितळतात. कुकरची शिट्टी दोन मिनिटांत होते आणि खालची डाळ लागते, वरची कच्ची राहते. ज्युलिया चाइल्ड यांच्याही स्वयंपाकघरात गार्लंडखेरीज भिंतीतला एक विजेचा ओव्हन होताच, हे चित्र पाहून शेगडी शोधायला निघालेल्यांनी लक्षात घ्यावे.

हौशी मंडळींना मी एवढेच म्हणेन की जुन्या रेंजचे रूप आवडले असेल तर ती आणा, घासून-पुसून ठेवा, वर तांब्याची भांडी मांडा. गॅस जोडू नका.

पण डब्यांचा व्यवसाय करणाऱ्यांचे काय?

खरा प्रश्न यांचा आहे. हौशी माणसाला ‘नको’ म्हणणे सोपे असते. घरातून तीस डबे देणाऱ्या बाईला सकाळी सातच्या आत दीडशे पोळ्या, दोन भाज्या आणि भात संपवायचा असतो. तिचा व्यवसाय ना पुरता घरगुती, ना हॉटेलचा. गाळा घेण्याएवढे उत्पन्न नाही आणि दोन बर्नरवर काम उरकत नाही. अशा वेळी कुणीतरी जुनी भट्टी सुचवते आणि ती गॅलरीत येऊन बसते. गॅलरीला काचा लावलेल्या असतात.

शिवाय ती कायद्याच्याही कात्रीत सापडते. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशानुसार गुन्हा आहे. व्यवसायासाठी १९ किलोचा सिलिंडर घ्यायला हवा. साठा एकूण १०० किलोपर्यंत असेल तर स्फोटके विभागाचा परवाना लागत नाही, म्हणजे कागदावर १९ किलोचे पाच सिलिंडर एका ठिकाणी ठेवता येतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये ते ठेवणे कोणती सोसायटी मान्य करील, आणि का करावे? नियमांना ‘घर’ कळते आणि ‘हॉटेल’ कळते. मधला हा मोठा वर्ग कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून त्याची तपासणीही कुणी करत नाही आणि त्याला सल्लाही कुणी देत नाही.

हे बदलायचे तर दोन गोष्टी करता येतील. एक, महापालिका आणि नगरपालिकांनी मंडईच्या गाळ्यांसारखी सामाईक स्वयंपाकघरे भाड्याने द्यावीत. तिथे हूड, गॅसची लाइन, अग्निशमनाची व्यवस्था एकदाच होईल आणि तासांवर जागा मिळेल. जुन्या रेंजांना तिथे उत्तम जागा आहे. दोन, वापरलेले हॉटेल-सामान विकणाऱ्यांना विक्रीआधी गळतीची चाचणी आणि कोणत्या गॅसचे जेट बसवले आहे याची लेखी नोंद देणे बंधनकारक करावे. जुन्या मोटारीला इतकी कागदपत्रे लागतात. तासाला चार किलो गॅस जाळणाऱ्या यंत्राला एक चिठ्ठीही लागत नाही.

तोवर घरात मोठे काम करणाऱ्यांनी आयएसआय चिन्ह असलेल्या, घरगुती दाबावर चालणाऱ्या मोठ्या बर्नरच्या शेगड्या घ्याव्यात. एकीवर भागत नसेल तर दोन, वेगवेगळ्या जोडणीच्या. भात आणि डाळ मोठ्या कुकरमध्ये करावी. पाणी उकळण्याचे आणि दूध तापवण्याचे काम इंडक्शनवर टाकले की एक बर्नर मोकळा होतो आणि खोलीतली हवाही वाचते. पोळ्यांसाठी लांब तव्याची कमी दाबाची शेगडी मिळते, ती भट्टीपेक्षा कितीतरी बरी.

आणि ज्यांच्या घरी भट्टी आधीच येऊन बसली आहे, त्यांनी आजच तीन कामे करावीत. घरगुती सिलिंडरवरचा हाय प्रेशर रेग्युलेटर काढून परत वितरकाकडचा नेहमीचा लावावा. नारिंगी नळीवर छापलेली मुदत पाहावी, उलटली असेल तर ती बदलावी. आणि भट्टीचे तोंड डमी घालून बंद करून, तिच्यासाठी खाली दुकान असलेले कुणी गिऱ्हाईक मिळते का ते पाहावे. हॉटेलवाल्यांत तिला मागणी आहे, पैसे बुडणार नाहीत.